‘जहाज बुडता, त्याची कॅसेट आसा?’

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की १९९८-९९ च्या सुमाराला तुमच्या घरी टेपवर काय वाजायचं आणि तुमच्या मते तेव्हा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम कुठला. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत लोकांनी लिहिलंय, काहींनी कॅसेटच्या कव्हरचे फोटो पाठवलेत, एकाने तर चहा सांडलेलं कव्हर पाठवलंय आणि खाली लिहिलंय, ‘डाग ओरिजनल आहे’. जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, मी त्या काळात कणकवलीत एसटी स्टँडच्या जवळ कॅसेटचं दुकान चालवायचो. दहा बाय आठचा गाळा, काचेचं कपाट, एका कॅसेटवरून दुसरीवर भरायचा एक डबल डेक आणि बाहेर पाटी, ‘गाणी भरून मिळतील’. त्यामुळे खालच्या उत्तरांतलं अर्धं वाचलेलं आहे आणि अर्धं काउंटरच्या मागून बघितलेलं, आणि या दोन्हीचा हिशोब जुळत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

माझा आणि धाकट्या भावाचा वाद आहे. तो म्हणतो १९९९ ला सगळ्यात जास्त ब्रिटनी स्पीअर्स खपली, मी म्हणतो रिकी मार्टिन. पैज मिसळीची आहे. निकाल द्या. (देवगडचा एक वाचक)

दोघंही हरलात, मिसळ मला पाठवा. अमेरिकेतला हिशोब धरला तर १९९९ चा एक नंबर बॅकस्ट्रीट बॉइज या बँडचा ‘मिलेनियम’. मे महिन्यात आला, पहिल्याच आठवड्यात ११ लाखांच्या वर गेला आणि वर्ष संपेपर्यंत ९४ लाखांच्या आसपास. ब्रिटनीचा पहिला अल्बम जानेवारीत आलेला, तो दुसऱ्या नंबरवर, साधारण ८३ लाख. रिकी मार्टिन या दोघांच्या मागे. म्हणजे भाऊ तुमच्यापेक्षा थोडा बरा, कटवडा त्याला द्या.

गंमत अशी की बॅकस्ट्रीटवाल्यांचं ‘आय वॉन्ट इट दॅट वे’ असो की ब्रिटनीचं ते शाळेच्या ड्रेसमधलं गाणं, दोन्ही पाव एकाच बेकरीतले. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला शेरॉन नावाचा स्टुडिओ होता, तिथला मॅक्स मार्टिन नावाचा माणूस ही गाणी लिहायचा. इंग्रजी त्याची मातृभाषा नाही. ‘आय वॉन्ट इट दॅट वे’ नीट ऐकलंत तर कडव्यात एक म्हणतोय आणि धृपदात भलतंच, अर्थ लागतच नाही, आधी चाल मग शब्द असा सगळा मामला. आमच्याकडे येणारी अकरावी-बारावीची पोरं ते गाणं अर्थ न कळता जोरात म्हणायची आणि मला उगाच कमीपणा वाटायचा त्यांच्या वतीने, पुढे कळलं की लिहिणाऱ्यालाही अर्थाची फारशी पडलेली नव्हती.

आता ‘खपला’ म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांत हे लागणार आहे. १९९१ पर्यंत अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाची यादी कशी बनायची, तर दुकानदारांना फोन करून विचारायचे, काय चाललंय? मग दुकानदार सांगेल ते. मे १९९१ पासून साउंडस्कॅन आलं, म्हणजे काउंटरवर बारकोडवर लाल लाईट पडली की ती विक्री मोजली गेली. एका फटक्यात यादी बदलली, कंट्री (तिकडची गावाकडची गाणी) आणि रॅप वाले जे आधी कुठेतरी खाली असायचे ते वर आले. लोक ते आधीपासून घेतच होते, फोनवर कोणी सांगत नव्हतं एवढंच.

मला हे वाचून हसू आलं, कारण आमच्याकडेही एका कंपनीचा माणूस बॅग घेऊन महिन्यातून एकदा यायचा आणि विचारायचा, ‘काय चाललंय शेठ?’ मी त्याला जे पडून आहे त्याचंच नाव सांगायचो, म्हणजे तो म्हणेल अरे वा, चाललंय तर पोस्टर लावू, स्कीम देऊ. असल्या उत्तरांवर किती वर्षं किती याद्या निघाल्या असतील देव जाणे.

आणखी एक पाचर. ‘प्लॅटिनम’ वगैरे जे असतं ना, अमेरिकेत १० लाखाला प्लॅटिनम आणि मार्च १९९९ पासून १ कोटीला डायमंड, ते कंपनीने दुकानांना पाठवलेल्या मालावर ठरायचं, गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेलेल्या मालावर नाही. आणि डबल अल्बम असेल तर एकाचे दोन धरतात. त्यामुळे कोणी तुम्हाला सांगितलं अमुक अल्बम इतके कोटी, तर आधी विचारा, कोणी मोजलं आणि कुठे उभं राहून मोजलं.

१९९९ मध्ये तुमच्याच दुकानातून शेर नावाच्या बाईची ‘बिलीव्ह’ घेतली होती. मधेच आवाज तुटायचा, रोबोसारखा व्हायचा. मी दोनदा बदलून घेतली, तिसऱ्यांदा तुम्ही वैतागलात. आज तरी सांगा, कॅसेट खराब होती की नाही? (वेंगुर्ल्याच्या एक ताई)

ताई, तुमची पत्रातली पहिली ओळ वाचली आणि मी खुर्चीतून उठलो. मला तुम्ही आठवता. छत्री मिटून काचेवर ठेवायचात, पाणी सगळं कॅसेटींवर. आधी माफी मागतो, वैतागायला नको होतं.

तुम्ही गेल्यावर मी काय केलं ते सांगतो. तिन्ही कॅसेटी ओळीने डेकवर लावल्या, तिन्ही एकाच जागी तुटतात, कडव्यातल्या त्याच शब्दावर आवाज पायऱ्या उतरल्यासारखा खडखडत खाली येतो. मला वाटलं डेकच बिघडला. हेड, म्हणजे पट्टी ज्याला घासून वाजते तो भाग, पुसलं, रबराचा रोलर पुसला, तरी तेच. मग छोटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन हेडचा स्क्रू फिरवला, थोडा इकडे थोडा तिकडे, आणि फिरवून फिरवून सेटिंगच घालवलं, पुढचा आठवडाभर त्या डेकवर लताबाईसुद्धा घोंगडीतून गात होत्या.

कॅसेट खराब नव्हती. तो आवाज मुद्दाम केलेला होता. १९९७ मध्ये ऑटो-ट्यून नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आलं, गायक बेसूर झाला तर सूर हळूच जागेवर आणायचा हे त्याचं काम. बनवणारा अँडी हिल्डब्रँड, तो मूळचा तेलवाल्या कंपनीतला माणूस, जमिनीत स्फोट करून परत येणाऱ्या लाटांवरून खाली तेल कुठे आहे ते शोधायचं गणित त्याला यायचं, तेच गणित त्याने गळ्याला लावलं. आता सूर किती वेगाने जागेवर आणायचा याचं एक बटण त्यात असतं. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो ना, तसा वेळ दिला तर कळतसुद्धा नाही की मशीन लागलंय. ‘बिलीव्ह’ करणाऱ्यांनी तो वेग इतका वाढवला की घसरायला जागाच नाही, सूर टप्पकन् उडी मारतो. तेच तुमचं रोबोसारखं.

आणि त्या निर्मात्यांनी सुरुवातीला हे कबूलही केलं नाही. १९९९ च्या सुरुवातीला मुलाखत दिली त्यात सांगितलं की दुसरंच एक यंत्र वापरलंय, व्होकोडर. आमच्याकडे एखादी काकू फणसाच्या सांदणाची रेसिपी सांगताना एक वस्तू गाळते, तसं. शेरबाई तेव्हा ५२ वर्षांच्या होत्या आणि ते सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी रेकॉर्ड, जगभरात एक कोटीच्या वर गेलं. आज मोबाईलवर जे काही वाजतं त्यातल्या निम्म्यात तोच तुटका आवाज आहे, कोणी परत घेऊन येत नाही.

म्हणजे तुम्ही कणकवलीत बसून, माझ्या माहितीत पहिल्यांदा, तो आवाज वेगळा आहे हे ओळखलंत आणि तीन वेळा तक्रारही केलीत. कान तुमचा चांगला होता, चूक माझी.

‘टायटॅनिक’ची कॅसेट खरंच एवढी खपली होती का? आमच्या गावात तर प्रत्येक घरात होती. (मालवणचा एक वाचक)

हो, खरंच. नोव्हेंबर १९९७ ला आली आणि अमेरिकेत पुढच्या वर्षी सलग १६ आठवडे पहिल्या नंबरवर, १९९८ चा तिथला सगळ्यात जास्त खपलेला अल्बम तोच. आणि विचार करा, जेम्स हॉर्नरचं ते पार्श्वसंगीत, जवळजवळ सगळी कॅसेट वाद्यांची. गायलेलं गाणं एकच. तेही दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनला नकोच होतं, हॉर्नरने त्याला न सांगता विल जेनिंग्जकडून शब्द लिहून घेतले, सेलिन डिऑनकडून नमुना म्हणून गाऊन घेतलं आणि योग्य वेळ बघून ऐकवलं. त्या नमुन्याचाच आवाज पुढे वापरला गेला, बाई परत गायल्या नाहीत. तेच गाणं सेलिन डिऑनच्या स्वतःच्या अल्बममध्येही होतं, तोही त्याच महिन्यात आलेला, म्हणजे एका गाण्यासाठी लोकांनी दोन-दोन अल्बम घेतले.

आमच्याकडचं दृश्य सांगतो. पावसाळ्याच्या आधी, बोटी वर ओढायचे दिवस, तळाशिलच्या बाजूचे एक काका दुकानात आले, हातात रिकामी डालगी, आणि म्हणाले, ‘रे, ता जहाज बुडता, त्याची कॅसेट आसा?’ मी दिली. चार दिवसांनी परत. ‘गाणा एकच आसा रे, बाकी नुसती पिपाणी वाजता.’ मी त्यांना समजावलं की असंच असतं, कंपनीने असंच बनवलंय. त्यांना पटलं नाही, त्यांचं म्हणणं एवढे पैसे घेता तर दोन्ही साईडला गाणी पाहिजेत. शेवटी मी त्यांना एका कोऱ्या कॅसेटवर दोन्ही बाजूंना तेच एक गाणं लागोपाठ भरून दिलं. खूश होऊन गेले.

पिपाणी मात्र त्यांनी बरोबर पकडली होती हं. गाण्याच्या सुरुवातीला जे वाजतं ते टिन व्हिसल, आयरिश लोकांची पत्र्याची छोटी बासरीच ती.

मामा १९९९ ला मस्कतहून शनाया ट्वेनची ‘कम ऑन ओव्हर’ घेऊन आला होता. मी ती पाठ केली. आता मोबाईलवर तीच गाणी लावली तर काही काही वेळा वेगळंच म्युझिक येतं, मधे सारंगीसारखं काहीतरी. माझी डुप्लिकेट होती का? (दापोलीच्या वाचक)

तुमची ओरिजनल, मोबाईलवरचीही ओरिजनल. हा अल्बम दोन वेळा केलेला आहे. नोव्हेंबर १९९७ ला अमेरिका-कॅनडासाठी जो निघाला तो कंट्री, म्हणजे त्यात फिडल, स्टील गिटार असं सगळं. तुम्हाला सारंगी वाटली ती फिडल, म्हणजे व्हायोलिनच. मग १९९८ ला बाकीच्या जगासाठी तोच अल्बम परत मिक्स केला, गावाकडची वाद्यं काढली किंवा मागे ढकलली आणि पॉप केला. मस्कतला, दुबईला, आपल्याकडे आली ती ही दुसरी. हे डोकं तिच्या तेव्हाच्या नवऱ्याचं, मट लँग, ज्याने त्याआधी एसी/डीसी या रॉक बँडचा ‘बॅक इन ब्लॅक’ केला होता. हाय वेवर धडधडणारा ट्रक आणि कंट्रीची बैलगाडी एकाच माणसाच्या हातात, आणि दोन्ही चालल्या.

खप म्हणाल तर जगभरात ४ कोटींच्या आसपास धरतात, बाईने एकटीने गायलेल्या अल्बमांत सगळ्यात वर. १६ गाणी आणि त्यातली १२ सिंगल म्हणून निघाली, म्हणजे एक कलिंगड आणि एकेक फोड जवळजवळ तीन वर्षं विकली.

आखातातून येणाऱ्या कॅसेटींबद्दल एक सांगायला पाहिजे. रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा इकडे कितीतरी घरांत मोठा चांदीसारखा टेप आणि इंग्रजी कॅसेटी आल्या त्या सरळ मस्कत-दुबई-कुवेतहून, सुटीवर येणाऱ्याच्या बॅगेतून, अत्तर आणि खजुराबरोबर. आमच्यासारख्या दुकानात इंग्रजी कॅसेट सव्वाशेच्या आसपास, हिंदी पिक्चरची त्याच्या तिसऱ्या हिश्शात, मग कोण घेणार? त्यामुळे माझ्या दुकानात जे खपलं त्यावरून कोकणात काय ऐकलं जायचं हे ठरवलंत तर फसाल.

इंडीपॉपमध्ये नंबर एक कोण? अलिशा, दलेर, लकी अली की फाल्गुनी? आकडा द्या. (चिपळूणचा एक वाचक)

आकडा देत नाही. आपल्याकडे तेव्हा साउंडस्कॅनसारखं काही नव्हतं, कंपनी सांगेल तो आकडा, आणि कंपनी कधी कमी सांगेल का? त्यात नकली माल वेगळा, एका ओरिजनलमागे किती डुप्लिकेट फिरत होत्या ते छापणाऱ्यालाच माहीत.

जे दिसलं ते सांगतो. इंडीपॉपला, म्हणजे पिक्चरबाहेरच्या पॉप गाण्यांना, खरा जोर आला १९९५ च्या ‘मेड इन इंडिया’ने, अलिशा चिनॉय आणि संगीत बिद्दूचं, म्हणजे ज्याने १९७४ ला ‘कुंग फू फायटिंग’ केलं आणि पुढे नाझिया हसनचं ‘आप जैसा कोई’, तोच. त्याच वर्षी दलेर मेहंदीचं ‘बोलो ता रा रा’. १९९६ ला लकी अलीचं ‘सुनो’ आणि हरिहरन-लेस्ली लुईसचं कलोनियल कझिन्स. १९९७ ला रहमानचं ‘वंदे मातरम’. १९९८ ला तर रांगच लागली. दलेरबद्दल लोक म्हणायचे की व्हिडिओत सुंदर मुली असतात म्हणून चालतो, तर त्याने ‘तुनक तुनक तुन’मध्ये मुलगीच ठेवली नाही, चार दलेर केले, चारही स्वतः.

माझ्या दुकानापुरतं विचारलंत तर फाल्गुनी पाठक. ‘याद पिया की आने लगी’ आणि पुढच्या वर्षीची ती बाहुल्यांच्या खेळाच्या व्हिडिओवाली ‘मैंने पायल है छनकाई’. नवरात्र आलं की मंडळं यायची, एक नाही, दोन कॅसेटी न्यायची, कारण एक नक्की गुंतणार. लकी अलीवाले वेगळे. ते एकटे यायचे, कॉलेजची पोरं, आत बघत बघत हळू आवाजात मागायची, जसं काही औषध मागतायत.

आणि १९९९ ला ‘ताल’, ‘हम दिल दे चुके सनम’, जानेवारी २००० ला ‘कहो ना प्यार है’ आलं तेव्हा इंडीपॉपचा कप्पा मी खालच्या फळीवर नेला. पिक्चरच्या गाण्याला तीन तासांची जाहिरात आयती मिळते, या बिचाऱ्यांना चार मिनिटांचा व्हिडिओ. ज्या घरात केबल नाही तिथे ते गाणं पोचायचंच नाही, आणि आपल्याकडे घाटाखाली वाऱ्यापावसात केबल किती दिवस धड असायची ते तुम्हाला माहितीच आहे.

माळ्यावरच्या ट्रंकेत चाळीसेक कॅसेटी सापडल्या, पांढरी बुरशी आहे. उन्हात ठेवू का? (गुहागरच्या वाचक)

नको नको नको. ऊन नको, ओलं फडकं नको, आणि मुख्य म्हणजे ‘चालते का बघू’ म्हणून टेपमध्ये घालू नका. बुरशी हेडवर जाते आणि मग पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते.

आधी सुक्या हवेशीर खोलीत सावलीत आठवडाभर उघड्या ठेवा, झाकण बंद डब्यात बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवल्यात तरी चालेल. तोंडाला रुमाल बांधा. मग पेन्सिल घालून हाताने पूर्ण एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा, कारण रिळाचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, मशीनने जोर लावला की तुटतात. फिरवताना वर दिसणारी पट्टी कोरड्या मऊ कपड्यात अलगद धरा, पांढरं निघून येईल.

कॅसेटला पाच स्क्रू असतील तर नशीब, उघडून रीळ दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवता येते. स्क्रू नसतील तर चिकटवलेली, ती कटरने जपून. मधे तांब्याच्या पत्तीवर लोकराचा छोटा तुकडा असतो, आमच्या दमट हवेत तोच आधी गळतो आणि मग आवाज खोल विहिरीतून येतो, दुसऱ्या कॅसेटचा काढून लावा. हेड पुसायला केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानातल्या कापसाच्या काडीवर. कोलन वॉटर नको, वास येईल फक्त.

९० मिनिटांच्या असतील तर जास्त जपा. खोकं तेवढंच, रीळ साठवालीच्या दीडपट, म्हणजे पट्टी पातळ असते. १२० च्या तर मी विकायचंच बंद केलं होतं, टेपने खाल्ल्या की गिऱ्हाईक माझ्यावर यायचं. आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच कॉम्प्युटरला वायर लावून रेकॉर्ड करून घ्या. दुसऱ्यांदा वाजेलच याचा भरवसा नाही.

सुपरनॅचरलवाला सँटाना आणि वुडस्टॉकवाला सँटाना एकच का? (रत्नागिरीचा एक वाचक)

एकच, गिटारवाला कार्लोस सँटाना. १९६९ ला वुडस्टॉक, म्हणजे अमेरिकेतला तो मोठा संगीत मेळावा, बरोबर तीस वर्षांनी जून १९९९ ला ‘सुपरनॅचरल’, त्यातलं ‘स्मूद’ अमेरिकेत १२ आठवडे एक नंबर आणि फेब्रुवारी २००० मध्ये त्या अल्बमला ९ ग्रॅमी. मधे सत्तरच्या दशकात तो श्री चिन्मय या गुरूंचा शिष्य होता आणि देवदीप कार्लोस सँटाना असं नाव लावायचा. हे मी गिऱ्हाइकांना सांगायचो, कोणी विश्वास ठेवायचं नाही.

तुमच्या दुकानात खरं सगळ्यात जास्त काय खपायचं? इंग्रजी राहू दे. (सावंतवाडीचे एक काका)

काका, खरं सांगू? आरत्या. दरवर्षी श्रावण संपत आला की मंगेशकरांच्या गणपतीच्या आरतीची कॅसेट मी खोक्याने आणायचो. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हा मुंबईहून माल आणणं सोपं झालं, रात्री बसलं की सकाळी खोकी खाली. पण चाकरमानीही त्याच गाडीने, स्वतःच्या कॅसेटी घेऊनच, त्यामुळे गणपतीत फायदा आणि तोटा एकाच डब्यातून उतरायचा.

त्याच्याखाली प्रल्हाद शिंदे, वेसावकर आणि मंडळींची कोळीगीतं, लग्नाच्या वरातीला ‘वेसावची पारू’ नसेल तर वरात पुढे सरकायची नाही. शिकलेली मंडळी मिलिंद इंगळेंचा ‘गारवा’ मागायची, पहिल्या पावसाच्या आठवड्यात हमखास. आणि या सगळ्याच्या वर, ज्याला ना कव्हर ना कंपनी, ती डबलबारीची भजनं, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना. कोणीतरी मंडपात खांबाला टेप बांधून भरलेली, मधे कोंबडा ओरडतोय, कोणाचं तरी बाळ रडतंय, बुवा एकमेकांना टोमणे मारतायत, आणि ती कॅसेट एकाची दुसऱ्याने भरून घ्यायची, दुसऱ्याची तिसऱ्याने, पाचव्या कॉपीत पखवाज ऐकू यायचा तेवढाच. ती किती खपली? एकही नाही, कारण विकलीच नाही कोणी. ऐकली मात्र त्या तालुक्यातल्या प्रत्येकाने.

दुकान बंद का केलंत? (कुडाळचा एक वाचक)

जून १९९९ ला अमेरिकेत शॉन फॅनिंग नावाच्या कॉलेजच्या पोराने नॅपस्टर काढलं, म्हणजे इंटरनेटवरून गाणी एकमेकांना फुकट द्यायची सोय. त्याच वर्षी तिथल्या कंपन्यांचा धंदा शिखरावर होता, साधारण १४६० कोटी डॉलर, मार्च २००० ला एनसिंक नावाच्या बँडने एका आठवड्यात २४ लाख अल्बम विकले, तो विक्रम २०१५ ला अॅडेलने मोडेपर्यंत टिकला. मग उतारच.

आपल्याकडे नॅपस्टर कुठलं, फोनची लाईन लागली तर पेढे वाटायचे. आपल्याकडे आली ती एमपीथ्री सीडी. एका सीडीत दीडशे गाणी, स्टँडवर हातगाडीवर. एका माणसाने दोन्ही हातांत धरून मला विचारलं, तुमच्या कॅसेटीत दहा, यात दीडशे, सांगा काय घेऊ? मी म्हटलं, ती घ्या. पुढे झेरॉक्स मशीन आणलं, मग रिचार्ज. डबल डेक अजून घरी आहे, एक बाजू चालते.

१९९९ च्या मे महिन्यात माझ्या लग्नासाठी तुमच्याकडून एक नव्वदची कॅसेट भरून घेतली होती. ती हरवली. गाणी कुठली होती ते आठवत नाही, मिस्टर म्हणतात तुमच्याकडे वही असायची. (मूळच्या फोंडाघाटच्या, आता डोंबिवलीच्या एक वाचक)

वही आहे, वाळवीने कडा खाल्ल्यात पण मे महिना शाबूत आहे. तुमची यादी पूर्ण मिळाली, पत्त्यावर पाठवतो. ए साईडला सगळी हिंदी, सुरुवात सनईने, बी साईडला ‘टायटॅनिक’चं ते गाणं आणि मधेच एक बॅकस्ट्रीट बॉइज, ते कोणी घालायला लावलं ते तुम्हीच एकमेकांना विचारा. गाण्याला एक रुपया असा दर होता. बी साईडचं शेवटचं गाणं पट्टी संपल्यामुळे अर्ध्यात तुटलंय, त्यासमोर माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘पैसे घेतले नाहीत’.